दुरुस्तीला आलेली ‘वेप’ : बिघाड ओळखा, पण काउंटरवर घेऊ नका

मोबाईल, ट्रिमर, टॉर्च आणि पॉवर बँक दुरुस्त करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांच्या टेबलावर कधी कोणती वस्तू येईल हे सांगता येत नाही. नांदेडचे वजिराबाद असो की लातूरची गंजगोलाई, एखादा तरुण ग्राहक पेनासारखी किंवा लहान डबीसारखी वस्तू पुढे करतो आणि म्हणतो, “उस्ताद, चार्ज होत नाही, जरा बघा ना.” हीच ई-सिगारेट. बाजारात तिला वेप, पॉड, ई-हुक्का अशी निरनिराळी नावे आहेत. कारागिराला वाटते, काम दहा मिनिटांचे आहे, मजुरीचे शंभर-दोनशे रुपये सुटतील. परंतु या शंभर-दोनशे रुपयांपायी सबंध दुकान अडचणीत येऊ शकते. ही वस्तू चालते कशी, ती का बिघडते, कायदा काय म्हणतो आणि हेच कसब कोणत्या कामी लावावे, याची माहिती प्रत्येक दुकानदाराला असणे आवश्यक आहे.

आत काय असते?

या वस्तूत गूढ असे काही नाही. एक लिथियम-आयन सेल, एक छोटा सर्किट बोर्ड, तारेची गुंडाळी म्हणजे कॉइल, तिच्यात बसवलेली कापसाची वात आणि द्रव भरलेली टाकी, एवढेच सामान असते. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्ये आणि बहुधा निकोटीन असते. वात द्रव शोषून घेते, कॉइल तापते आणि द्रवाची वाफ होते. डास पळवण्याच्या मशीनमध्येही वात आणि हीटर असतो. रचना जवळपास तीच आहे. फरक इतकाच की ते मशीन भिंतीवरच्या विजेवर चालते आणि ही वस्तू खिशातल्या सेलवर.

सेल साधारण ३.७ व्होल्टचा असतो. पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो. कॉइल एक ओहमची धरली तर ३.७ अँपिअर करंट वाहतो आणि सुमारे १४ वॅट उष्णता तयार होते. आपले लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते. म्हणजे त्याच्या निम्म्याहून अधिक ताकद बोटभर नळीत कोंडलेली असते. कॉइलचे ओहम निम्मे झाले की करंट दुप्पट होतो. हे साधे गणित ध्यानात ठेवले की पुढचे बहुतेक बिघाड समजतात.

नेहमीच्या तक्रारी आणि त्यांची कारणे

चार्ज न होणे : पहिले कारण चार्जिंग सॉकेटमध्ये साचलेला कचरा किंवा टाकीतून झिरपलेला चिकट द्रव. दुसरे कारण सॉकेटचा सुटलेला टाका. ही दोन्ही नसतील तर दोष सेलमध्ये असतो. सेल फार दिवस पडून राहिला आणि त्याचा व्होल्टेज फारच खाली गेला, तर त्याच्या आतील तांबे विरघळू लागते. अशा सेलला बूस्टर लावून जागे केले तर तो चार्ज होईलही, पण आतून शॉर्ट होण्याचा धोका कायम राहतो. मोबाईलच्या बॅटरीलाही हाच नियम लागू आहे.

दिवा लुकलुकणे : बहुतेक वेळा बोर्डच सूचना देत असतो. सेल उतरला आहे, कॉइलचा संपर्क तुटला आहे किंवा कॉइल शॉर्ट आहे, यांपैकी काहीतरी असते. सलग फार वेळ ओढल्यासही बोर्ड पुरवठा तोडतो. हा बिघाड नव्हे, संरक्षण आहे. बोर्डाला वळसा घालून सेल थेट कॉइलला जोडणे म्हणजे ते संरक्षण काढून टाकणे होय.

जळका वास येणे : वात कोरडी पडली की कॉइल द्रवाऐवजी कापूस जाळू लागते. टाकी रिकामी असणे, द्रव फार घट्ट असणे किंवा कॉइलवर काजळी चढणे ही याची कारणे. एकदा जळलेली वात पुन्हा कामाची राहत नाही.

गळती होणे : रबरी सील झिजणे, टाकीला तडा जाणे किंवा वस्तू गरम जागी ठेवणे. उन्हाने द्रव पातळ होतो, टाकीतील हवा फुगते आणि द्रव बाहेर ढकलला जातो. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा मोटारसायकलच्या डिक्कीत हे सहज घडते.

आपोआप तापणे : ही सर्वांत धोक्याची तक्रार आहे. बटण नसलेल्या नमुन्यात श्वास ओढताच चालू होणारा एक नाजूक सेन्सर असतो. त्यावर ओल गेली की कोणी ओढत नसतानाही तो कॉइलला करंट देत राहतो आणि वस्तू खिशातच तापू लागते. कवच गरम लागत असेल, फुगले असेल किंवा गोडसर रासायनिक वास येत असेल, तर ती वस्तू उघडू नये, चार्जिंगला लावू नये आणि माणसांपासून दूर ठेवावी.

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून ई-सिगारेटवर बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. द्रवात निकोटीन असो वा नसो, फरक पडत नाही. ई-हुक्क्याचे नाव कायद्यात स्पष्टपणे आले आहे, आणि वस्तूला कोणतेही नाव दिले, कोणताही आकार दिला तरी ती सुटत नाही. त्यामुळे “हे हर्बल आहे, यात तंबाखू नाही” या बोलण्याला कायद्यापुढे अर्थ नाही.

व्यापाऱ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा की बंदी केवळ पूर्ण वस्तूवर नाही, तिच्या सुट्या भागांवरही आहे. कॉइल किंवा टाकी विकणे हीसुद्धा विक्रीच ठरते. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. आपल्या जागेत जाणूनबुजून साठा ठेवू दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यास झडती आणि जप्तीचा अधिकार आहे.

ग्राहक विचारेल, “ओढणाऱ्याला शिक्षा कुठे आहे?” या कायद्यात ओढण्यासाठी वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, हे खरे. पण त्यामुळेच सारा भार दुकानदारावर येतो. ‘दुरुस्ती’ हा शब्द कायद्यात नाही असाही युक्तिवाद कोणी करील. तो न्यायालयात टिकतो की नाही हे पाहण्यासाठी आपले दुकान पणाला लावण्याचे कारण नाही. दुरुस्ती करताना सुटा भाग बसवला आणि त्याचे पैसे घेतले तर ती विक्री नव्हे हे सिद्ध करणे सोपे नाही. ड्रॉवरमध्ये दुरुस्तीचे चार नग सापडले तर तो साठा नव्हे हे पटवणेही सोपे नाही. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. पूर्वी उघड्यावर चालणारा धंदा कायद्याने एका दिवसात गुन्हा कसा होतो, हे तेव्हा आपल्या पानटपरीवाल्या बांधवांनी पाहिले आहे.

कायद्याशिवायची दोन कारणे

पहिले कारण सेल. २०१६ मध्ये सॅमसंगसारख्या मोठ्या कंपनीला गॅलेक्सी नोट ७ हा फोन बॅटरी पेट घेत असल्याने बाजारातून परत घ्यावा लागला. एवढ्या मोठ्या कारखान्याचा माल फसू शकतो, तर चोरवाटेने आलेल्या, कोणत्याही मानकाचा शिक्का नसलेल्या सेलची हमी कोण देणार?

दुसरे कारण द्रव. निकोटीन हे विष आहे आणि ते त्वचेतूनही शरीरात जाते. गळकी टाकी उघड्या हाताने साफ करणाऱ्याला मळमळ आणि चक्कर येऊ शकते. लहान मुलाच्या तोंडात थोडा द्रव गेला तरी जीवावर बेतू शकते. शिवाय बाटलीवर लिहिले असते तेच आत असते असे नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये वेप ओढणाऱ्यांत फुफ्फुसाच्या आजाराची साथ उसळली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे त्यामागचे मुख्य कारण आढळले.

मग ग्राहकाला काय सांगावे?

भांडू नये आणि उपदेशही लांबवू नये. “भाई, यावर बंदी आहे, हे काम आम्ही घेत नाही. खिशात तापत असेल तर जवळ ठेवू नका,” एवढे पुरे. वस्तू हातात घेऊन “संध्याकाळी या” असे कधीही म्हणू नये. ग्राहकाची वस्तू एकदा ठेवून घेतली की ती अमानत होते, आणि बंदी असलेल्या वस्तूची अमानत सांभाळणे दोन्ही बाजूंनी अवघड असते. दुकानात काम शिकणाऱ्या मुलांनाही हे बजावून ठेवावे, कारण उस्ताद जोहरच्या नमाजला गेले असताना वस्तू त्यांच्याच हाती येते.

हैदराबाद किंवा मुंबईहून सुट्या मालाचा लॉट आणणाऱ्यांनी बिलावर प्रत्येक वस्तूचे नाव लिहून घ्यावे आणि गाठोडे तेथेच तपासावे. चुकून असा माल आलाच तर तो विकून मोकळे होण्याचा विचार करू नये. वकिलाचा सल्ला घेऊन तो पोलीस ठाण्यात जमा करावा आणि पोच घ्यावी. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर अशा वस्तूचा फोटो टाकणे ही जाहिरात ठरू शकते, हेही लक्षात असू द्यावे.

हेच कसब, मोकळे काम

सेल, बोर्ड, सॉकेट आणि हीटर यांचे ज्ञान वाया जात नाही. ट्रिमर, पॉवर बँक, चार्जिंगचे पंखे, इमर्जन्सी दिवे यांत हेच भाग असतात आणि लोडशेडिंगच्या दिवसांत ही कामे वाढतात. खोली सुगंधित करण्यासाठी लागणारी चार्जिंगची बखूरदाणीही आता घरोघरी दिसते. तिच्या तक्रारीही ओळखीच्याच असतात. जळका वास आला तर बहुधा तव्यावर राळ आणि काजळी साचलेली असते. तापत नसेल तर मीटरने हीटर तुटला आहे का ते पाहावे. लवकर बंद पडत असेल तर सेल थकलेला असतो.

ही कामे करताना काही पथ्ये पाळावीत. सेलवर थेट टाका मारू नये, पत्तीचा सेल घेऊन पत्तीवर मारावा. संरक्षण बोर्डाशिवाय सेल बसवू नये. जुन्याच्या जागी त्याच मापाचा आणि तेवढाच करंट देऊ शकणारा सेल घालावा. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये. लिथियम सेल ४५ अंशांवरच्या उष्णतेत चार्ज करू नये. पत्र्याच्या दुकानात उन्हाळ्याच्या दुपारी एवढी उष्णता सहज होते, म्हणून चार्जिंगची कामे सकाळी किंवा मगरिबनंतर करावीत. रात्री दुकान बंद करताना एकही बॅटरी चार्जिंगला ठेवू नये.

टेबलाजवळ पाण्याची आणि कोरड्या वाळूची बादली असावी. सेल पेटला तर आधी मेन स्विच बंद करावा. मग लहान सेलवर भरपूर पाणी ओतावे. पाण्याने तो थंड होतो, वाळूने फक्त ज्वाला दबते. धूर विषारी असतो, म्हणून तो कोंडत असेल तर विझवण्याच्या नादी न लागता सर्वांना घेऊन बाहेर पडावे आणि अग्निशमन दलाला कळवावे.

बाद सेल भंगारात टाकू नयेत. भंगारवाल्याच्या गोणीत ते एकमेकांना घासून शॉर्ट होतात आणि आग लागते. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ते वेगळ्या डब्यात जमवावेत आणि अधिकृत संकलन करणाऱ्याकडेच द्यावेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

दुकानाच्या दर्शनी भागात एक पाटी लावून टाकावी : “येथे ई-सिगारेट, वेप व ई-हुक्का दुरुस्त केले जात नाहीत. सुटे भाग मिळत नाहीत.” पाटीला खर्च फारसा येत नाही, रोजची हुज्जत वाचते आणि मुलांना घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाचा भरवसा वाढतो. रोजी देणारा अल्लाह आहे. ट्रिमर आणि पॉवर बँकेची कामे प्रामाणिकपणे केली तरी कारागिराचे हात, इन्शाअल्लाह, रिकामे राहणार नाहीत.