पहिला प्रयोग वॉशिंग्टनला

1948 साली वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरने नाटकं थांबवली आणि सिनेमे लावले. कृष्णवर्णीय प्रेक्षकांना आत घेणार नाही, हा चालकांचा हट्ट होता. तसं असेल तर आम्ही तिथे काम करणार नाही, असं नटांच्या संघटनेने बजावलं होतं. दोन वर्षांनी त्याच शहरात झेल्डा फिचँडलर, त्यांचे पती टॉम आणि प्राध्यापक एडवर्ड मँगम यांनी एका जुन्या सिनेमागृहात 247 खुर्च्यांचं ‘अरिना स्टेज’ सुरू केलं. मधोमध रंगमंच, चारी बाजूंना प्रेक्षक आणि प्रवेश सगळ्यांना.

त्या काळी अमेरिकेत व्यावसायिक नाटक घडायचं ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर. इतर शहरांना मिळायचे दौऱ्यावरचे प्रयोग. डॅलसमध्ये मार्गो जोन्स आणि ह्यूस्टनमध्ये नीना व्हान्स यांनी 1947 मध्येच वेगळी वाट धरली होती. नाटक आपल्याच गावात बसवायचं, आपल्याच प्रेक्षकांपुढे करायचं. 1959 मध्ये अरिनाने ना-नफा संस्थेचं रूप घेतलं. अशा संस्थेला भागधारक नसतात. शिल्लक राहिली तर ती पुढच्या नाटकात जाते. देणगीदाराला करसवलत मिळते. संपूर्ण हंगामाची तिकिटं आगाऊ घेणारे वर्गणीदार, देणग्या आणि अनुदानं यांच्या आधारावर तिकीटबारीची तूट भरून निघते. म्हणूनच एखादं नाटक पडलं तरी संस्था उभी राहते.

या मोकळिकीची किंमत कोण मोजतं, हे 1967 च्या डिसेंबरात दिसलं. हॉवर्ड सॅकलर यांचं ‘द ग्रेट व्हाइट होप’ हे कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा जॅक जॉन्सनच्या आयुष्यावर बेतलेलं नाटक अरिनाने रंगभूमीवर आणलं. साठाहून अधिक नटांचा हा पसारा नफ्याचा हिशेब करणाऱ्या निर्मात्याने सहसा अंगावर घेतला नसता. पुढच्याच वर्षी नाटक ब्रॉडवेवर गेलं. 1969 मध्ये त्याला पुलित्झर आणि टोनी हे पुरस्कार मिळाले, त्यातले प्रमुख कलाकार जेम्स अर्ल जोन्स आणि जेन अलेक्झांडर यांनीही टोनी पटकावलं. अरिनाच्या हाती मात्र दमडीही आली नाही. पुढच्या उत्पन्नात वाटा मागणारा करारच केलेला नव्हता.

ते पाहून इतर संस्था शहाण्या झाल्या. नाटक न्यूयॉर्कला गेलं तर आपला हिस्सा किती, हे आधीच ठरू लागलं. न्यूयॉर्कच्याच पब्लिक थिएटर या ना-नफा संस्थेला तर तिथून ब्रॉडवेवर गेलेल्या ‘अ कोरस लाइन’च्या उत्पन्नाने कित्येक वर्षं तारलं. पण हळूहळू गंगा उलटीही वाहू लागली. निर्मातेच आपले पैसे घेऊन ना-नफा रंगमंचावर येऊ लागले. 2015 मध्ये अरिनात पहिल्यांदा झालेल्या ‘डिअर इव्हान हॅन्सन’मागे व्यावसायिक निर्माती सुरुवातीपासून होती.

या व्यवहारात गैर काही नाही. त्यातून उत्तम नाटकंही मिळतात. मात्र कोणतं नाटक करायचं हे ब्रॉडवेच्या गल्ल्याकडे पाहून ठरू लागलं, तर पडायची तयारी ठेवणारी संस्था म्हणून या रंगभूमीला मिळणाऱ्या करसवलतीचं समर्थन करणं अवघड होईल. 1967 मध्ये अरिनाचे पैसे गेले, पण नाटक कोणतं करायचं हे तिचं तिने ठरवलं होतं. तो हक्क पैशापेक्षा मोलाचा आहे.