साठ, पन्नास, चाळीस: बाळाच्या श्वासाचा हिशेब

६०, ५०, ४०. हे तीन आकडे पेणजवळच्या वडखळच्या घराघरांत पाठ असायला हवेत. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, दोन महिने ते एक वर्षाचं ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं ४० किंवा जास्त, तर श्वास जलद समजायचा. खोकल्यासोबत असा श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष. त्याला एक्स-रे लागत नाही.

मोजायचं कसं? बाळ शांत असताना. रडताना किंवा अंगावर पिताना नाही. झबलं वर करा, उजेडात धरा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक. मोबाइलवर मिनिट लावा आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणायचा मोह होतो, पण तान्ह्याचा श्वास एका लयीत चालत नाही. मध्येच थबकतो, मध्येच भरभर धावतो. १५ सेकंदांत एक श्वास चुकला की हिशेबात चार चुकतात. ५२ चे ४८ होतात आणि आजारी बाळ घरीच राहतं. तान्ह्याचा आकडा ६० किंवा वर आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करावी.

हे सामान्य माणसाला जमतं का, याचं उत्तर महाराष्ट्रानेच दिलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ५८ गावांत आरोग्यसेवक आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: उपचार मिळालेल्यांपैकी ०.८ टक्के मुलं दगावली, तुलनेच्या गावांत १३.५ टक्के. अक्षरओळख नसलेल्या सुईणींसाठी बंगांनी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन केलं. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा; लाल मण्यापर्यंत पोचलं की धोका. मला या कामाचं फार मोल वाटतं. निदान डॉक्टरच्या टेबलावरून ओटीवर आलं.

आपल्याकडे आधी कपाळाला हात लावतात आणि अंग तापलं नाही की ‘नुसती सर्दी आहे, कफ झालाय’ म्हणतात. पण तान्ह्या बाळाचं अंग आजारात गारही पडतं. ३५.५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं तर ते ३७.५ च्या तापाइतकंच गंभीर.

आकडा नसला तरी डोळ्यांना दिसणारी एक खूण आहे: श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणं. मूल दूध पीत नाही, सगळं ओकतं, झटके येतात, उठवूनही उठत नाही, ओठ निळसर दिसतात, यांपैकी एकही दिसलं तर मोजत बसू नका.

प्रत्येक जलद श्वास न्यूमोनियाचा नसतो. दोन वर्षांखाली विषाणूमुळे बारीक श्वासनलिका सुजतात, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. थोड्या मोठ्या मुलात तोच आवाज दम्याचाही असू शकतो. ते डॉक्टरांनी ठरवायचं, दुकानातल्या सिरपने नव्हे. दोन वर्षांखालच्यांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, असं केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बजावलं.

२०१९ मध्ये जगात पाच वर्षांखालची सुमारे ७ लाख ४० हजार मुलं न्यूमोनियाने गेली. वडखळला पावसाळ्यात ओल, उन्हाळ्यात महामार्गाची धूळ, काही वाड्यांवर चुलीचा धूर. बाळाची खाट चुलीपासून लांब हवी. न्यूमोकोकल लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना सरकारी केंद्रात मोफत मिळते. आशाताईंकडून कार्ड तपासून घ्या.

आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास दुसऱ्यांदा मोजूनही ६० किंवा वर आला, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, पेण किंवा अलिबागचं रुग्णालय गाठा, आणि मोजलेला आकडा तिथे पहिल्या वाक्यात सांगा.