दारू : किती, कधी, काय धोका

- एक ग्लास : नेदरलँड्समध्ये १० ग्रॅम मद्यार्क. २५० मिली बिअर, १०० मिली वाइन, ३५ मिली येनेव्हर (डच जिन), तिन्हींत जवळपास सारखाच.
- अतिमद्यपान : एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा अधिक. धोके : अपघात, शुद्ध हरपणे, उलटी श्वासनलिकेत जाणे.
- व्यसन : ताबा सुटणे, मात्रा वाढणे, दारू थांबताच हात थरथरणे, घाम फुटणे. आकडी व भ्रमाचा धोका असल्याने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय एकदम सोडू नये.
- दीर्घकालीन : यकृताचा सिरॉसिस, उच्च रक्तदाब, अन्ननलिका व स्तनांचा कर्करोग.
- वयोमर्यादा : नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०१४ पासून १८, त्याआधी बिअर-वाइनसाठी १६.
- आर्नहेममध्ये (नेदरलँड्स) मदत : फॅमिली डॉक्टर, व्यसनमुक्तीसाठी इरिसझोर्ग ही संस्था. बेशुद्ध व्यक्तीला कुशीवर वळवा, ११२ ला फोन करा.