पिंजरा बिबट्याला की शेळीला?

जुन्नर-आंबेगावच्या ऊसपट्ट्यात दावणीची शेळी गेली की गावाची पहिली मागणी पिंजऱ्याची असते. वनखात्यानं बिबट्या धरावा आणि लांब कुठंतरी नेऊन सोडावा. यामागचा राग खोटा नाही. दोन शेळ्यांवर ज्या घराचं मीठमिरचीचं भागतं, त्या घराला बिबट्याचं पर्यावरणातलं स्थान समजावत बसण्यात अर्थ नसतो. पण हा उपाय करून झाला आहे. २००१ नंतर जुन्नर भागातले बरेच बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचं दिसलं. एक बिबट्या हलवला की रिकाम्या जागेत दुसरा येतो. हलवलेल्याला मात्र ना लपायच्या जागा माहीत असतात, ना माणसांच्या वेळा.

मग काय करायचं, याचं उत्तर अकोले तालुक्यातल्या अभ्यासात सापडतं. तिथल्या बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा हिशेब मांडला गेला. वजनानं पाहता त्यात कुत्री ३९ टक्के होती आणि शेळ्या अवघ्या ११ टक्के. वास्तविक त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सुमारे सातपट होती. बिबट्याला शेळी आवडत नाही असं मुळीच नाही. दिवसा तिच्यामागे राखण असते आणि रात्री ती आत असते, कुत्रं मात्र गावभर मोकळं हिंडतं. म्हणजे साधा आडोसा आणि माणसाची सोबतसुद्धा एवढा फरक पाडते. नीट बंदिस्त गोठा याहून पुष्कळ जास्त करील, असं मानायला भक्कम आधार आहे.

अडचण ‘नीट’ या शब्दात आहे. तुराट्यांचा कूड आणि वर आभाळ, याला गोठा म्हणतात खरं, पण झाडावर भक्ष्य ओढून नेणाऱ्या जनावराला पुरुषभर उंचीची भिंत म्हणजे काहीच नाही. अर्धवट गोठा तर उघड्या दावणीपेक्षा घातक. बिबट्या आत उतरला की शेळ्यांना पळायला वाट नसते, समोर धडपड चालू राहते आणि तो भुकेपुरतं मारून थांबत नाही. म्हणून छप्पर आधी, भिंत नंतर. छताला पत्रा किंवा वेल्डमेशची जाळी, चौकटीला घट्ट जखडलेली. दाराला आतबाहेर न हलणारी कडी. जाळीची खालची कड जमिनीत पुरलेली, कारण कोल्हा-कुत्रं उकरून शिरतं. खुराड्याला लोक षटकोनी छिद्रांची पातळ कोंबडीजाळी मारतात. ती कोंबडी आत ठेवण्यासाठी असते, बाहेरच्याला अडवण्यासाठी नव्हे. मुंगसाला तर तीन बोटांची फटही पुरते. लडाखमध्येही हिमबिबट्या गोठ्याच्या उघड्या छतातून उतरायचा. तिथं छतांवर जाळी आणि दारं बसवण्याचं काम गावकऱ्यांना हाताशी धरून झालं.

शेळी बंद केली तर भुकेला बिबट्या माणसावर येईल, ही भीती वरवर पटण्यासारखी आहे. पण वरचा हिशेब पाहिला तर शेळीवर तो फारसा विसंबूनच नाही. अंगणात काही हाती लागत नसेल, तर अंगणात येण्याचं कारणच कमी होतं. त्यासाठी पाळीव कुत्रंही रात्री आत हवं आणि कोंबड्यांची आतडी-पिसं उकिरड्यावर टाकणं थांबायला हवं. राखणीचं कुत्रं साखळीला बांधून बाहेर ठेवणं म्हणजे बिबट्याला ताट वाढून देणं. दिवसा रानात चरणाऱ्या कळपाला मात्र गोठ्याचा उपयोग नाही. तिथं राखण्याला पर्याय दिसत नाही.

खर्चाचा आक्षेप सगळ्यात खरा. भरपाई मिळते, पण जनावर गेल्यावर आणि पंचनामा झाल्यावर; शिवाय पुढच्या रात्री तोच कूड आणि तेच उघडं छत. तोच पैसा आधी जाळीसाठी द्यावा. त्यातही पहिला हक्क कोप्यांत राहणाऱ्या ऊसतोड कामगारांचा आणि फिरस्त्या मेंढपाळांचा. धनगरांची वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवती लावायची जाळी, कळप एकत्र ठेवते, बिबट्याला ती थोपवत नाही. आणि ज्यांचा मुक्काम दर काही दिवसांनी हलतो त्यांना पक्क्या बांधकामासाठी अनुदान देऊन उपयोग काय? त्यांना दुमडून गाडीत टाकता येईल अशी, वरूनही बंद होणारी जाळीची चौकट हवी.