प्युरिटन पंथ : उगम, श्रद्धा आणि आचार

इ.स. १५३४ मध्ये राजा आठवा हेन्री ह्याने इंग्लंडमधील ख्रिस्तसभा पोपमहोदयांच्या अधिकारापासून तोडली. १५५९ मध्ये राणी पहिली एलिझाबेथ हिने ही फारकत कायम केली. तथापि याजकवस्त्रे, बिशपपद, क्रूसाची खूण असे पुष्कळ काही टिकून राहिले. जे बायबलमध्ये नाही ते उपासनेतही नको, असे मानणाऱ्या सुधारकांना हे अवशेष खुपू लागले. चर्च ‘शुद्ध’ करू पाहणाऱ्या ह्या मंडळींना विरोधकांनी हेटाळणीने ‘प्युरिटन’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. (त्याच इंग्लंडमधील एक कॅथलिक तरुण येशूसंघात दाखल होऊन १५७९ साली गोव्यास आला, तेच आपले ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स.)

प्युरिटनांच्या श्रद्धेचा पाया जॉन कॅल्विन ह्यांची शिकवण हा होता. कोणाचे तारण व्हावे हे परमेश्वराने आधीच ठरविले आहे. सत्कृत्यांनी ते मिळविता येत नाही. मग आपण त्या निवडलेल्यांपैकी आहोत काय, हा प्रश्न भाविकांना जन्मभर छळत असे. पुष्कळजण रोजनिशीत स्वतःच्या अंतःकरणाची झडती घेत.

१६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ प्रवासी अमेरिकेत प्लिमथ येथे पोहोचले. त्यांच्यातील धार्मिक गट इंग्लंडच्या चर्चपासून पूर्णपणे विभक्त झालेल्यांचा होता. पहिल्याच हिवाळ्यात सुमारे निम्मे लोक दगावले. १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप ह्यांच्या नेतृत्वाखाली फार मोठा जथा मॅसॅच्युसेट्स येथे आला.

तेथील प्रार्थनागृहात क्रूस नसे, मूर्ती नसत, वाद्येही नसत. शनिवारच्या सूर्यास्तापासूनच प्रभूचा दिवस सुरू होई. रविवारी सकाळी व दुपारी प्रदीर्घ प्रवचने ऐकावी लागत. कामधंदा आणि खेळ वर्ज्य असत. विवाह हा संस्कार न मानता नागरी करार मानला जाई व न्यायाधिकारी तो लावून देई. १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता! तरीही हे लोक सदैव काळ्या वस्त्रांत वावरत, ही समजूत खोटी आहे. ते रंगीत कपडे घालीत आणि बिअरही पीत. प्रत्येकाला बायबल वाचता यावे म्हणून १६४७ च्या कायद्याने पन्नास कुटुंबांच्या गावाला शिक्षक नेमणे भाग पाडले.

स्वतःच्या उपासनेसाठी समुद्र ओलांडणाऱ्यांनी इतरांना मात्र ती मोकळीक दिली नाही. हद्दपारीनंतर परत आलेल्या मेरी डायर ह्या क्वेकर स्त्रीस १६६० मध्ये बोस्टनला फाशी देण्यात आले. येशूसंघीयांना बंदी करणारा कायदा १६४७ मध्येच झाला होता. हद्दपार होऊन परतणाऱ्यास मृत्युदंड होता. राजदूतांना तेवढी सूट होती.

त्या सवलतीमुळे १६५० च्या डिसेंबरात येशूसंघीय फादर गाब्रियेल द्रुइयेत फ्रेंच वसाहतीचे दूत म्हणून तेथे येऊ शकले. रॉक्सबरीचे प्युरिटन धर्मोपदेशक जॉन एलियट ह्यांनी त्यांना आपल्या घरी आग्रहाने ठेवून घेतले. प्लिमथचे राज्यपाल विल्यम ब्रॅडफर्ड, जे स्वतः ‘मेफ्लॉवर’मधून आलेले होते, त्यांनी फादरांना भोजनास बोलाविले. त्या दिवशी शुक्रवार होता. राज्यपालांनी ते ध्यानात ठेवून खास मासे रांधविले होते.