रानात परतलेला घोडा

इंदूरच्या पोलोग्राउंडवर आज घोडा शोधूनही सापडावयाचा नाही. तेथे कारखाने आहेत, वीज कंपनीचे कार्यालय आहे. घोड्याची आठवण काय ती नावात उरली आहे. पोलोचा घोडा माणसाने घडविला. परंतु खोगीर-लगाम ठाऊक नसलेला एक घोडाही पृथ्वीवर आहे. तो रानातून एकदा नाहीसा झाला आणि माणसाच्याच हातून पुन्हा रानात गेला.

मंगोलियात त्याला ‘ताखी’ म्हणतात. अन्यत्र तो रशियन प्रवासी प्रझेवाल्स्की याच्या नावाने ओळखला जातो. बांधा ठेंगणा, रंग पिवळसर तांबूस, आयाळ ताठ उभी. पाळीव घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, याच्या पेशीत ६६. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील प्राणिसंग्रहालयांसाठी याची शिंगरे पकडून नेण्यात आली. इकडे शिकार, कडक हिवाळे आणि पाणवठ्यांवर पाळीव जनावरांची गर्दी यांमुळे रानातील कळप खचले. गोबीच्या वाळवंटात १९६९ नंतर ताखी दिसला नाही. वाचले ते केवळ बंदिवासातले. माणसाच्या हौसेने असा उपकार क्वचितच केला असेल!

आजचे सारे ताखी जेमतेम डझनभर रानटी पूर्वजांचे वंशज आहेत. जवळच्या नात्यात संकर होऊन वंश दुबळा होऊ नये म्हणून १९५९ पासून प्राग येथे त्यांची वंशावळ छापली जाऊ लागली. सोयरीक जुळविताना गोत्र पाहावे, तसे या नोंदी पाहून नर-माद्या एका देशातून दुसऱ्या देशात धाडल्या जातात.

१९९२ मध्ये मंगोलियातील हुस्ताई व ताखीन ताल येथे पहिले घोडे विमानाने उतरले. त्यांना लगेच मोकळे सोडले नाही. गवत-पाण्याची ओळख व्हावी, एका नराभोवती माद्यांचा कळप जमावा, यासाठी प्रथम मोठ्या कुंपणात ठेवले. बर्फ खुराने उकरून गवत काढणे किंवा लांडगा येताच शिंगरांभोवती कडे करणे, हे घोड्याला फारसे शिकवावे लागत नाही. परंतु संकटात कोणीकडे जावे, हे रक्तातून येत नाही. ते थोरांच्या मागे चालूनच कळते, आणि या घोड्यांना रानातले थोर उरलेच नव्हते.

२००९-१० च्या हिवाळ्यात गोबीत बर्फाचा थर एवढा साचला की निम्म्याहून अधिक ताखी मेले. त्याच प्रदेशातील रानगाढवे, म्हणजे कच्छच्या रणातील रानगाढवांचे भाऊबंद, दूरच्या मोकळ्या भागाकडे सरकली आणि बहुतेक वाचली. ताखी मात्र आपल्या ओळखीच्या टापूतच राहिले.

त्यानंतर प्रागहून नवे घोडे पाठविले जाऊ लागले. २०२४ च्या जूनमध्ये कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातही सात ताखी पोहोचले. खरे तर ते आठ जाणार होते. परंतु एवढ्या लांबच्या प्रवासात घोड्याने उभे राहणे आवश्यक असते, आणि एक घोडी विमानात खाली बसली. तिला उतरवून माघारी न्यावे लागले.