कोऱ्या कापडाचा वास आणि दुकानाची पत

कापडाच्या धंद्यात गिऱ्हाईकाचे नाक बोटांइतकेच पारखी असते. थान उलगडले की येणारा कोरा वास बराचसा खळीचा. मागावर ताण्याचे सूत तुटू नये म्हणून खळ देतात. कापड कडक दिसावे म्हणून पुढेही देतात. अलिबागकडील कित्येक घरांत या वासाचा अर्थ एकच : ईद जवळ आली. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरलेले गिरणीच्या मालाचे गठ्ठे जुन्या मंडळींना आजही आठवतात. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे भिवंडीच्या यंत्रमागांचा माल वाढला, पण वासाची ओढ तीच राहिली.

मात्र हीच खळ बुरशीचे खाद्य आहे. किनाऱ्यावरच्या दमट पावसाळ्यात थाने भिंतीला टेकवू नयेत, फळीवर ठेवावीत, उघडीप मिळताच उलगडून वारा द्यावा. कुबट माल अत्तर शिंपडून खपवू नये. अत्तर उडून जाते, कुबटपणा घरी पोहोचतो आणि ईदच्या कपड्यांबाबत फसलेले गिऱ्हाईक दुकानाची पायरी पुन्हा चढत नाही.